अभ्यासक्रम बदलतो तेव्हा

आम्हा प्राध्यापकांना बदल फार आवडतो. फक्त तो दुसऱ्यांनी करावा. केशवसुतांनी मराठी कवितेत कसे बंड केले, हे मी गेली अठरा वर्षे दर जुलैमध्ये वर्गात तावातावाने सांगत आले आहे. रूढी मोडायला केवढे धैर्य लागते, लोक कसे नावे ठेवतात, सगळे सांगते. आणि ज्या टिपणांवरून हे सांगते ती इतकी पिवळी पडली आहेत, की पान उलटताना कोपरा हातात येतो.

तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात नवा अभ्यासक्रम आमच्या दाराशी येऊन उभा राहिला त्या वेळी आम्ही काय काय केले, हे सांगायला मी पुरेशी लायक आहे असे समजते. कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्याचा हेतू नाही. काढायच्याच झाल्या तर पहिली माझीच निघेल.

तो आला तोही कसा पाहा. पूर्वी परिपत्रक यायचे ते शिपाईमामांच्या काखोटीतल्या वहीतून. त्यावर सही करायची, चष्मा पुसायचा, मग वाचायचे. त्या साऱ्याला एक संथपणा होता. हल्ली परिपत्रक येते रात्री साडेदहाला, मोबाईलवर. मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या उपासाचा साबुदाणा भिजवत होते. ऐंशी-नव्वद पानांची ती पीडीएफ उघडायच्या आतच आमच्या स्टाफच्या ग्रुपवर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. कोणती पुस्तके लावली आहेत, कोणता लेखक गेला, कोणता आला, असा एकही प्रश्न त्यांत नव्हता. पहिला प्रश्न होता, "वर्कलोडचं काय?" दुसराही तोच. तिसऱ्याने नुसते हात जोडल्याचे चित्र धाडले होते.

माझा चेहरा पाहून सासूबाईंना वाटले, कुणाकडे काही बरेवाईट झाले.

"नाही हो आई, अभ्यासक्रम बदललाय."

"मग एवढं काय त्यात? शिकायचं पोरांना. तुम्हाला काय?"

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवत होत्या. बालभारतीची पुस्तके त्यांच्या हाताखालून कितीदा तरी बदलली. नवे पुस्तक आले की त्या त्याला खाकी कव्हर घालत आणि शिकवायला लागत. त्यांना आमचे दुःख समजणे कठीण होते.

वाचकांपैकी ज्यांची मुले सध्या महाविद्यालयात आहेत, त्यांना या बदलाची थोडी ओळख असेलच. निदान त्यातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा मार त्यांनी खाल्ला असेल. आमच्या शेजारच्या वहिनी मुलाचा प्रवेश-अर्ज घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हे मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, काय आहे हो हे? आमच्या वेळी नुसतं बी.ए. होतं." मी त्यांना जमेल तसे समजावले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्याच्या आधीचे धोरण १९८६ चे आणि त्याच्याही आधीचे १९६८ चे. महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये यांच्यात ते २०२३-२४ पासून आले आणि आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. मेजर हा मुलाचा मुख्य विषय, मायनर त्याच्या जोडीचा. ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हा विषय आपली विद्याशाखा सोडून दुसरीकडचा घ्यायचा. वाणिज्याच्या मुलाने मराठी घ्यावे, मराठीच्या मुलाने हिशेब शिकावा. बाकीचे कौशल्याचे, भाषेचे, मूल्यांचे आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे. सगळे मोजायचे श्रेयांकांत. वर्गात पंधरा तास शिकवले म्हणजे एक श्रेयांक. सत्राला साधारण बावीस. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायची तर १६० ते १७६. मधेच एका वर्षानंतर सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका.

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पूर्वी वाढलेलं ताट यायचं, आता आपणच वाढून घ्यायचं."

मी पाहिलेल्या कुठल्याही कार्यशाळेत याहून सोपी व्याख्या ऐकली नाही.

आता 'वर्कलोड' हा शब्द. त्याला मराठीत कार्यभार म्हणतात, पण स्टाफरूममध्ये कुणी म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येते. सोळा तास! आमच्या ह्यांच्या बँकेत दोन दिवसांतच सोळा तास होतात, हे ते मला वर्षातून दोनदा तरी ऐकवतात. तपासायचे पेपर, समित्या, मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाचे काम हे त्या सोळात धरत नाहीत, हे मीही त्यांना तितक्याच वेळा ऐकवते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या सोळा तासांवर पद टिकून असते. विषयाचे तास घटले, की विभागात एक माणूस जास्त होतो. त्याला सरकारी भाषेत 'अतिरिक्त' म्हणतात. हा शब्द ऐकला की पन्नाशीचा गृहस्थसुद्धा शाळकरी पोरासारखा कावराबावरा होतो. अभ्यासक्रमातून एक कादंबरी काढली तर प्राध्यापक वाद घालतो. दोन तास काढले तर त्याची झोप उडते.

जूनमध्ये आमची कार्यशाळा झाली. तज्ज्ञ म्हणून आलेले गृहस्थ चांगले होते, तयारीने आले होते. नव्या रचनेत विद्यार्थी केंद्रस्थानी कसा आहे, हे त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले. सकाळभर सभागृह शांत. मग मसालेभात, बटाट्याची भाजी आणि जिलबी झाली. आणि दुपारच्या प्रश्नोत्तरांना उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने, निरनिराळ्या शब्दांत, एकच प्रश्न विचारला. एकाने धोरणाचे स्वागत करून विचारला, एकाने धोरणाचा निषेध करून विचारला. एका विदुषींनी ज्ञानेश्वरीपासून सुरुवात केली. पण त्याही तिथेच आल्या. शेवटी तज्ज्ञ म्हणाले, "कुणाचाही वर्कलोड कमी होणार नाही." त्या दिवसातली सर्वांत मोठी टाळी त्या वाक्याला पडली. ते वाक्य ज्यांच्यासाठी खोटे ठरणार होते, त्यांना कार्यशाळेला बोलावलेच नव्हते. त्यांच्याकडे मी पुढे येतेच.

आमचे विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. त्यांची वृत्ती अनुभवी शेतकऱ्यासारखी. ढग आला म्हणून लगेच पेरायचे नाही. "पॅटर्न येतात, पॅटर्न जातात," ते म्हणाले. "दिल्ली विद्यापीठात काय झालं? २०१३ च्या जुलैत चार वर्षांची पदवी सुरू केली, २०१४ च्या जूनमध्ये गुंडाळली. ज्यांनी घाईघाईनं टिपणं काढली त्यांची मेहनत फुकट." मी म्हटले, "पण सर, २०२२ पासून तिथं तीच चार वर्षांची पदवी परत आली की!" त्यावर सर मंदपणे हसून म्हणाले, "मग ती जुनी टिपणं आता कामाला आली असतील."

सरांना हसू नये. त्यांची परंपरा मोठी आहे. केंब्रिजचे ग्रीकचे पंडित एफ. एम. कॉर्नफर्ड यांनी १९०८ साली एक चिमुकले पुस्तक लिहून विद्यापीठातल्या मंडळींची अशीच थट्टा केली होती. कुठल्याही सुधारणेला विरोध न दाखवता ती पुढे कशी ढकलावी याच्या सगळ्या युक्त्या त्यात आहेत. त्याच केंब्रिजमध्ये प्रवेशासाठी ग्रीकची सक्ती असावी की नसावी हा वाद कित्येक वर्षे चालला आणि ती सक्ती उठली १९१९ साली. तोवर एक महायुद्ध होऊन गेले होते.

आणि आमच्या मराठीचे तरी काय? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतले. पण त्याच दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा बसल्या. मराठीला पुन्हा आत घ्यावे म्हणून रानडे पुढे वर्षानुवर्षे खटपट करीत होते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मराठीत विद्यापीठात शिकवण्याजोगी पुस्तके आहेतच कुठे? रानड्यांनी भावनेच्या गोष्टी बोलण्याऐवजी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक इंग्रजी टिपण लिहिले आणि छापल्या गेलेल्या पुस्तकांचा हिशेबच पुढे मांडला. एम.ए.च्या परीक्षेला मराठीला वाट मिळाली ती १९०१ च्या सुमारास. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले.

म्हणजे नव्या अभ्यासक्रमाला नाक मुरडणारी मराठीची प्राध्यापिका ही स्वतःच एका अभ्यासक्रम-बदलाचे अपत्य आहे. त्या वेळच्या प्राध्यापकांचे सगळ्यांनीच ऐकले असते, तर मी आज बहुधा संस्कृत शिकवत असते, किंवा काहीच नाही. हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवले. सर्वांना पटले. मग चहा आला.

जुन्या अभ्यासक्रमाचा मला पुळका होता असेही नाही. त्यात काय दोष होते हे आमच्याइतके कुणाला ठाऊक? तीच कथा, तीच दीर्घोत्तरी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचे तेच गाईड. चांगला गुणवान मुलगासुद्धा कादंबरी न वाचता कादंबरीवर पहिला वर्ग मिळवत असे. बदल हवा होता. पण मे महिन्यात कागद यायचा, जुलैत वर्ग भरायचा, पुस्तके ग्रंथालयात दसऱ्याला पोचायची, आणि या मधल्या काळात एका माणसाने चार नवे विषय उभे करायचे, हे कुठल्या शास्त्रात बसते? अशा वेळी माणूस जे करतो तेच आम्ही केले. जुन्याला नवे नाव दिले.

माझ्याकडे अभ्यास मंडळाच्या एका उपसमितीतर्फे पहिल्या वर्षाच्या काही विषयांचे मसुदे करण्याचे काम आले होते. 'मराठी कथा' हा आमचा जुना पेपर. तो मी एका दुपारी 'कथाकथन व लेखन कौशल्ये' करून टाकला. घटक तेच, लेखक तेच. प्रत्येक घटकाखाली फलनिष्पत्ती लिहायची असते. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९५६ साली शिक्षणाच्या उद्दिष्टांची जी उतरंड लावून दिली, तिच्यातली क्रियापदे वापरायची. विद्यार्थी आकलन करू शकेल. विद्यार्थी विश्लेषण करू शकेल. विद्यार्थी सर्जन करू शकेल. आपल्या राज्यातला कुठलाही नवा अभ्यासक्रम उघडून पाहा. निम्मी वाक्ये 'शकेल'ने संपतात. मी ती पाने टाइप करीत असताना माझी मुलगी मागून वाचत होती. तिने विचारले, "आई, आणि नाहीच शकला तर?" त्यासाठी रकाना नव्हता.

पण त्या मसुद्यांत एक विषय खरोखर नवा होता आणि तो माझा नव्हता. तो होता 'मुद्रितशोधन', दोन श्रेयांकांचा, इतर शाखांच्या मुलांसाठी. तो सुचवला होता आमच्या विभागातल्या तासिकेच्या मॅडमनी.

तासिकेच्या मॅडम म्हणजे काय, ते सांगायला हवे. कायम पदे भरली जात नाहीत तेव्हा उरलेले तास घड्याळी तासिका तत्त्वावर दिले जातात. जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे. सुटीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, परीक्षा चालू असताना वर्ग झाले नाहीत तर त्यांचेही नाहीत. एका सत्रापुरती नेमणूक, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. आमची ही मुलगी (मी तिला मुलगीच म्हणते, पस्तिशीची आहे) सात वर्षे आमच्याकडे येत होती. एम.ए. ला पहिल्या वर्गात, सेट उत्तीर्ण, शिवाय पीएच.डी., जी मी अजून केलेली नाही. रोज एस.टी.ने पाऊण तासाच्या अंतरावरून येई. संध्याकाळी एका छापखान्यासाठी मुद्रिते तपासण्याचे काम करी. तिच्या पर्समध्ये लाल पेन कायम असे. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका पाही, मग मुहूर्त.

या विषयाचा मसुदा तिने मला एका वहीत लिहून दिला होता. मी त्याला 'शकेल' जोडले आणि पुढे धाडला. तो जसाच्या तसा मंजूर झाला.

जुलैत वेळापत्रक लागले. नव्या रचनेत पहिल्या वर्षाला सर्वसाधारण मराठीच्या दोन तुकड्यांची एक झाली होती, तास घटले. नियम असा की आधी कायम माणसांचे सोळा भरायचे, मग उरले ते तासिकेला. सरांचे भरले. माझे भरले चौदा. दोन कमी. सर म्हणाले, "मुद्रितशोधनाचे दोन आहेत. ते तुम्ही घ्या, म्हणजे सोळा होतात."

मी म्हटले, "सर, तो तर तिचा विषय आहे."

"विषय विभागाचा असतो," सर म्हणाले. खोटे नव्हते. "उद्या तपासणीला कुणी आलं आणि तुमचे चौदा दिसले तर काय सांगायचं?"

मी विचार करायला एक दिवस मागितला. घरी येऊन कुणाशी बोलले नाही. गृहकर्जाचे अजून नऊ वर्षांचे हप्ते होते. मुलगी अकरावीला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळापत्रकावर सही केली. आदल्या वर्षी तिच्याकडे आठवड्याला सात तास होते. आता तीन राहिले. मुद्रितशोधन तिला मिळाले असते तर पाच झाले असते.

मी तिला सांगायला गेले तेव्हा ती ग्रंथालयात होती. "मॅडम, मला कळलं," ती म्हणाली. "तुमचंही बरोबरच आहे. वही देऊ का? त्यात उदाहरणं आहेत."

मी वही घेतली.

पहिले चार आठवडे मी तो विषय कसा शिकवला, हे आठवले की आजही कानशिले गरम होतात. समोर वाणिज्याची साठ मुले, फळ्यावर मी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम: १९६२ चे चौदा, त्यांत १९७२ साली चार घातले ते मिळून अठरा. मी एकामागून एक नियम लिहिले, मुलांनी उतरवून घेतले. नियम पाचवा होईपर्यंत मागचे दोन बाक रिकामे झाले होते. मला अठरा नियम येत होते. मुद्रितशोधन येत नव्हते. जन्मात मी एक गॅली तपासली नव्हती.

शेवटी सप्टेंबरात मी तिला विचारले, "माझ्या वर्गावर येशील का गं एकदा?" त्याचे पैसे मिळणार नव्हते, हे दोघींना ठाऊक होते. ती आली. हातात पिशवी. पिशवीतून निघाल्या लग्नपत्रिका, निवडणुकीची हस्तपत्रके, मिठाईच्या दुकानाची पावती, बारशाचे निमंत्रण, एका गणेश मंडळाचा अहवाल. प्रत्येक बाकावर एकेक टाकले आणि म्हणाली, "चुका शोधा. जास्त चुका शोधेल त्याला त्या पत्रिकेतल्या जेवणाचं आमंत्रण." वर्ग हसला आणि कामाला लागला.

एका मुलाने विचारले, "मॅडम, या पावतीवर 'दिपावली' आहे, आणि आपण दिवाळीत पण दि ऱ्हस्वच लिहितो. मग चूक कुठंय?" मी असते तर नियम सांगितला असता. तिने फळ्यावर दोनच शब्द लिहिले: दीप आणि दिवा. "पहिला संस्कृतातून आलाय जसाच्या तसा, म्हणून आपली दीर्घ दी घेऊनच आलाय. दीपावली त्याचीच. दिवा आपल्या घरचा. आपल्या घरच्या शब्दात शेवटचं अक्षर लांब असलं की आधीची इ आखूड होते. दिवा, दिवाळी. कीड पण किडा. फूल पण फुलं." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "दीर पण दिराला?" ती म्हणाली, "तिथं शब्द विभक्तीत वाकला म्हणून. पण पकडलंस बरोबर." तास संपल्याची घंटा झाली, मुले उठली नाहीत. पुढच्या तासाचे अर्थशास्त्राचे सर दारात उभे राहून थोडा वेळ ऐकत होते.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचे किराणा दुकान, नाव 'आशीर्वाद', आणि पाटीवर शि ऱ्हस्व. तो घरी जाऊन वडिलांना म्हणाला, पाटी चुकली आहे. वडील म्हणाले, "बारा वर्षं गिऱ्हाईक येतंय की!" मुलगा हटून बसला. पेंटरने एका वेलांटीचे दोनशे रुपये मागितले. वडिलांनी ते दिले नाहीत; मुलाने स्वतःच्या खर्चातले दिले आणि पाटीचा आधीचा व नंतरचा फोटो मला प्रकल्प म्हणून आणून दिला. पानभर मजकूरही लिहिला होता. त्यात पाच चुका होत्या. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. तो फोटो मी मूल्यांकनाच्या फायलीत लावला आणि त्याखाली लिहिले: विद्यार्थी उपयोजन करू शकला. त्या फायलीत 'शकला' असे एवढे एकच वाक्य आहे.

त्याच सत्रात, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या अभिजात भाषांसाठी तिला एकदा वर्गाबाहेर जावे लागले होते, त्यांच्याच पंगतीत ती बसली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे आले. सरांनी छोटेसे भाषण केले. फोटो निघाले, ग्रुपवर पडले. तासिकेच्या मॅडमचा त्या दिवशी तास नव्हता. शिपाईमामांनी आठवणीने तिच्या वाटणीचा पेढा कागदात बांधून टेबलाच्या खणात ठेवला.

दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू झाले, तेव्हा तिने अर्ज केला नाही. तीन तासांसाठी एस.टी.चे भाडे परवडत नाही, असे सरांना सांगितले. मला काही सांगितले नाही. ज्या छापखान्यात संध्याकाळी जाई तिथेच आता पूर्ण वेळ असते. पगार वेळेवर होतो, असे ऐकते. २०२५ च्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचे नवे विषय आले. पुन्हा तीच रात्र, तोच ग्रुप, तोच पहिला प्रश्न. त्या वेळी सर निवृत्त झाले होते, म्हणून वेळापत्रक मला करावे लागले. मुद्रितशोधन अजून माझ्याकडेच आहे. आता मी पिशवी घेऊन जाते. लोक मला जुन्या लग्नपत्रिका आणून देतात. मागचे बाक सहसा रिकामे राहत नाहीत.

माझे सोळा तास भरलेले आहेत.

हा लेख अंकाकडे पाठवण्यापूर्वी मी तिला फोन केला आणि विचारले, की तुझ्याबद्दल लिहिलंय, एकदा वाचून बघशील का? ती म्हणाली, "पाठवा की मॅडम." तीन दिवसांनी पाने परत आली. दोन ठिकाणी अनुस्वार सुटला होता, एका ठिकाणी मी 'सर्वांत'ऐवजी 'सर्वात' लिहिले होते. तिने लाल शाईने खुणा केल्या होत्या, समासात सुबक. स्वतःविषयीच्या मजकुरात तिने एकच गोष्ट बदलली होती. आदल्या वर्षीचे तिचे तास मी नऊ लिहिले होते. ते खोडून तिने सात केले होते.